पोरगा म्हणतो, काऊन जाऊ?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. वय एकेचाळीस, शिक्षण दहावी, सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तूर. गावात सोळा ख्रिस्ती घरं आणि टिनाच्या छपराचं छोटं चर्च. सासऱ्यांच्या पिढीनं स्वतः विटा वाहून ते उभं केलं. पाळकसाहेबांकडे अशी चार गावं आहेत. रविवारी सकाळी आठला एक भक्ती, साडेअकराला दुसरी, आणि या गावी ते पोचतात दुपारी तीनला. ऑगस्टमधल्या एका रविवारी ताईंच्या अकरावीतल्या मुलानं उपदेश झाल्यावर उभं राहून द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यावर प्रश्न विचारला. पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "वचनावर शंका घ्यायची नसते." त्या दिवसापासून मुलगा आलेला नाही. चोवीस किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी मोठं चर्च आहे. तिथं कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर गीतं, आणि बायबलमधली एकेक ओळ उलगडून सांगणारे पाळक. मुलगा कॉलेजमुळे तिथं एक-दोनदा जाऊन आला, घरी मोबाईलवर त्यांचेच उपदेश ऐकतो. मालक, म्हणजे ताईंचे यजमान, म्हणतात, जिथं मन लागते तिथं जा. सासूबाई म्हणतात, हे देऊळ सोडलं तर मी जेवणार नाही. ताईंचा प्रश्न असा: गावातलं चर्च सोडून सगळ्या घरानं तालुक्याला जावं का, की मुलाला दटावून इथंच आणावं?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. चारपैकी सव्वातीन पानं मुलाची आहेत, उरलेल्या जागेत सासूबाई, मालक आणि एसटीच्या वेळा. आणि तिसऱ्या पानाच्या समासात, कागद आडवा धरून तुम्ही एक ओळ लिहिली आहे: "मलेही पुष्कळदा समजत नाही, पण मी कधी विचारलं नाही." त्या ओळीकडे मी परत येणार आहे. आधी मुलाचा प्रश्न, कारण तो फार चांगला आहे.

इतर वाचकांसाठी दाखला थोडक्यात सांगते. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय. मळ्याचा मालक पहाटे जाऊन मजूर आणतो, दिवसाची मजुरी एक दिनार ठरवतो. मग नऊला, बाराला, तीनला जाऊन आणखी आणतो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पाचला पुन्हा जातो, तर अजून काही जण उभेच. त्यांनाही पाठवतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात.

तुमच्या मुलानं विचारलं, "सकाऊन आलेल्या बाईले आन् चारले आलेल्या बाईले सारखेच पैसे? मंग सकाऊन येईन कोन?"

ताई, तुमच्याकडे तर वेचणी रोजानंही नसते, किलोवर असते. पोटाशी बांधलेल्या फडक्यातला कापूस गाठोड्यात रिकामा होतो, गाठोडं ताणकाट्याला अडकतं आणि आकडा वहीत जातो. तो आकडा तुमचाच मुलगा लिहितो असं तुम्ही कळवलंय. कोणत्या काकूचे बत्तीस किलो आणि कोणाचे चौदा, हे त्याच्या बोटांना पाठ आहे. त्या मुलानं हा दाखला ऐकून काहीच विचारलं नसतं तर मला काळजी वाटली असती. त्या दुपारी टिनाखाली बसलेल्या सगळ्यांत दाखला खराखुरा ऐकला तो त्यानं. बाकीच्यांनी तो इतक्या वेळा ऐकलाय की आता टोचत नाही.

शंका म्हणाल तर ती दाखल्यातच आहे. पहाटेचे मजूर मालकाच्या तोंडावर नेमकं हेच विचारतात. मालक त्यांना हाकलत नाही. "मित्रा" म्हणून हाक मारतो आणि उत्तर देतो. ज्या गोष्टीत प्रश्न विचारणाऱ्याला मित्र म्हटलंय, त्याच गोष्टीवर प्रश्न विचारला म्हणून पोराला खाली बसवलं. पाळकसाहेब चुकले. हे मी आडपडद्यानं सांगत नाही.

मुलाला एवढंच म्हणा, सहावं-सातवं वचन पुन्हा वाच. मालक पाचला उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. मजुरांच्या अड्ड्यावर सकाळी धट्टेकट्टे आधी उचलले जातात. संध्याकाळपर्यंत कोण उरतं, ते तुमच्या मुलाला सांगायला नको. म्हातारं, एका पायानं अधू, कडेवर लेकरू असलेली. आणि दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची कमाई. त्याच्या बाराव्या भागात घरची चूल पेटत नाही. मालकानं पहाटेच्या कोणाचं कापलं नाही. त्यानं शेवटच्याच्या चुलीचा हिशोब केला. एवढं मला दिसतं. पण "मंग सकाऊन येईन कोन" याचं उत्तर माझ्याकडेही नाही. कित्येक वर्षं मी ते शोधते आहे. मुलाला तसंच सांगा, उत्तर बनवून देऊ नका. सतरा वर्षांच्या पोराला खोटं उत्तर लगेच ओळखू येतं.

आता पाळकसाहेब. चूक ती चूक, पण त्या दुपारचा माणूस कसा होता तेही पाहू. सकाळपासून दोन उपासना, मध्ये मोटरसायकलवर पांदणीतला चिखल (ऑगस्ट महिना!), कोणाच्या तरी घरी घाईत जेवण, आणि तिसऱ्या गावी तिसऱ्यांदा तोच उपदेश. त्यात अवघड प्रश्न आला. उत्तर ठाऊक नसलं की माणूस आवाज चढवतो. माझे वडील खेड्यात शिक्षक होते. पाळक नसतील त्या रविवारी उपासना तेच चालवायचे. शनिवारी रात्री कंदिलापाशी वही घेऊन पुटपुटत बसायचे. मी नऊ वर्षांची असताना विचारलं होतं, आदाम-हव्वेच्या काईनाला बायको कुठून मिळाली? म्हणाले, "झोप आता." सकाळी उठल्यावर मात्र स्वतःहून म्हणाले, "रात्री शोधलं. नाही सापडलं." पुढच्या सगळ्या आयुष्यात मला शास्त्र वाचायची भीती वाटली नाही ती त्या दुसऱ्या वाक्यामुळे. तुमच्या पाळकसाहेबांचं दुसरं वाक्य अजून यायचंय. ते येऊ द्यायला त्यांना कोणीतरी संधी द्यायला हवी.

तुमच्या पत्रात एक गोष्ट धरूनच चाललेली दिसते: तालुक्याला "शिकवण" आहे आणि गावात नाही, कारण तिथला उपदेश सरस आहे. उपदेश सरस असेलही. पण उपदेश म्हणजेच शिकवण का? बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत असतो. येशूचा अनुयायी फिलिप्प विचारतो, वाचता ते समजतं का? तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? आणि फिलिप्पाला रथात चढून शेजारी बसायला सांगतो. समोर उभं राहून नव्हे, शेजारी बसून झालेली ती शिकवण. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला तेव्हा काय करत होता? गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. उलट प्रेषित पौलासारख्या पौलानं त्रोवस गावी मध्यरात्रीपर्यंत उपदेश लांबवला, तर खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. (तो वाचला. पण पौलानं उपदेश आवरता घेतला म्हणाल तर नाही, उजाडेपर्यंत बोलतच राहिला.)

तालुक्याच्या चर्चमध्ये पडद्यावर वचनं दिसतात, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सांगतात. ते चांगलंच आहे, मी नाक मुरडणार नाही. मी स्वतः शहरात चार वर्षं अशाच एका मोठ्या चर्चला जात होते. दोन वह्या भरल्या. पुष्कळ शिकले, आजही त्या वह्या उघडते. मग टायफॉइड झाला आणि सात रविवार चुकले. आठव्या रविवारी दारात उभ्या असलेल्या हसतमुख मुलीनं माझ्या हातात कार्ड दिलं, "आपण प्रथमच आलात का?" ती बिचारी तिचं काम करत होती. मी कार्ड भरूनही दिलं.

तुमच्या सोळा घरांत असं होणार नाही. पण म्हणून लहान चर्च म्हणजे स्वर्ग असंही मी म्हणणार नाही. जिथं सगळे ओळखतात तिथं अपमानही सोळा घरं लक्षात ठेवतात. मुलगा उपदेशाला कंटाळून थांबलाय असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं तो त्या दारातून आत येताना सोळा घरांच्या नजरा कशा झेलायच्या या विचारानं थांबलाय. दटावून आणलंत तर शरीर येईल, तेही शेवटच्या चटईवर.

तेव्हा पहिलं काम पाळकसाहेबांकडे. रविवारी नाही, सगळ्यांसमोर नाही, आणि मुलाला घेऊन तर नाहीच. याचं उदाहरणही कृत्यांतच आहे. अपुल्लोस हा मोठा वक्ता, शास्त्रात निपुण, पण त्याच्या सांगण्यात काही उणं होतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या तंबू शिवणाऱ्या नवरा-बायकोनं त्याला सभेत अडवलं नाही. आपल्याकडे बोलावून घेतलं आणि नीट समजावलं. त्यात बाईही होती, हे तुमच्या महिला सभेत कोणी विचारलं तर सांगायला लक्षात ठेवा. तुम्ही आणि मालक, दोघांनी एखाद्या संध्याकाळी पाळकसाहेबांना जेवायला बोलवा. शेतातल्या तुरीचे दाणे घातलेली आमटी करा, तक्रारीचा कागद काढू नका. म्हणा, "साहेब, पोराचा प्रश्न आम्हालेही पडला. तुम्ही एकदा त्याच्यासंगं बसता का?" आणि जमलं तर हेही: उपदेश सगळ्यांसमोर झाला, खाली बसवणं सगळ्यांसमोर झालं, तर "मागच्या वेळचा प्रश्न चांगला होता" एवढं एक वाक्यही सगळ्यांसमोर व्हावं. बहुतेक पाळक एवढं करतात. मनातून त्यांनाही ते लागलेलं असतं.

दुसरं मागणं मागा, आणि ते मुलासाठी मागू नका. पुढच्या रविवारी कोणता पाठ आहे ते आधी कळवायला सांगा. फोनवर दोन ओळी पुरतात. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर घरात तो पाठ मोठ्यानं वाचायचा. ज्याला जे खटकेल ते त्यानं बोलायचं, सासूबाईंनीसुद्धा. मुलगा मोबाईलवर ऐकतो ते उपदेशही इथं आणू द्या. तिकडचे पाळक यावर काय म्हणाले, हे त्यानं सांगितलं तर बिघडलं काय? मोबाईलला प्रश्न विचारता येत नाही, आईला येतो. मुलगा रविवारी येवो न येवो, शनिवार चुकवू नका.

आता समासातली ओळ. तुम्ही वीस वर्षं त्या चटईवर बसून न समजलेलं पदरात घेऊन घरी आलात. तुमच्या मुलानं एका दुपारी जे केलं ते तुम्हाला वीस वर्षांत जमलं नाही. त्याला बसवलं तेव्हा तुम्हालाही कुठंतरी बसवल्यासारखं झालं असणार. तालुक्याला जायची ओढ थोडी तुमचीही आहे, ताई. असू द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वचन समजावं असं वाटणं ही काही चैन नव्हे.

न समजण्यात तुमचा दोष किती आणि भाषेचा किती, तेही बघा. "नीतिमान ठरणे", "प्रायश्चित्त", "अनुग्रह" हे शब्द आपण घोकतो, पण बाजारात कधी बोलतो का? पंडिता रमाबाईंना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. संस्कृतावर त्यांचा हात असा की भल्या भल्या पंडितांनी मान डोलवावी. त्याच बाई म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या, साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, बायबल १९२४ मध्ये छापून आलं. आता तर सोप्या मराठीतली भाषांतरं मोबाईलवर फुकट मिळतात. घरातलं काळ्या पुठ्ठ्याचं बायबल आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. माझ्या ओळखीच्या एका बाईला "धन्य" या शब्दाचा अर्थ अशाच वाचनात पन्नाशीत कळला, आणि ती आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरली.

मुलाला गावातली गीतं रटाळ वाटतात असंही लिहिलंय. कीबोर्डपुढे ढोलकी फिकी वाटायचीच, वयच तसं आहे. मी मात्र ढोलकी-टाळाच्या बाजूची, हे आधीच कबूल करते. त्याला एक विचारा: त्या गीतांतली बरीचशी ज्यांची आहेत ते नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे कसे वळले, ठाऊक आहे का? नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळकांनी तो डोळे मिटून मानला नाही, वाचला, घासून पाहिला. बाप्तिस्मा घेतला १८९५ साली. आपल्याच विदर्भाच्या रुळांवर सुरू झालेली गोष्ट, आणि तीही शंका घेणाऱ्या माणसाची.

तालुक्याला जावं का? जा की. महिन्यातून एक रविवार ठरवा, सगळे मिळून जा, आणि पाळकसाहेबांना सांगून जा. लपून गेलात तर सोमवारी पिठाच्या गिरणीवर गाव तुमच्याआधी सांगेल. उरलेले तीन रविवार गावात. असं वर्षभर करून पाहा आणि मग ठरवा. सासूबाईंना "दुसऱ्या मंडळीत जाणं म्हणजे पंथ बदलणं" ही भीती असेल, तर सांगा की वेगवेगळ्या सहा मंडळ्यांनी आपापल्या भिंती पाडून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया केलं ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आणि तेही नागपुरात. एका रविवारी तालुक्याच्या बाकावर बसल्यानं कोणाचा बाप्तिस्मा पुसला जात नाही. सासऱ्यांनी विटा वाहिल्या त्याचं ओझं मात्र तुमच्या डोक्यावर घेऊ नका. त्यांनी ते आनंदानं केलं होतं.

मुलगा गावात परत यायला लागला तर त्याला नुसतं बसवू नका. गुड फ्रायडेला क्रुसावरच्या सात वचनांवर बोलायला माणसं लागतात, आणि सोळा घरांत सात वक्ते जमवताना कशी धावपळ होते ते तुम्हाला माहीत आहे. एक वचन त्याला द्या. तालुक्याच्या चर्चमध्ये ही पाळी यायला त्याला दहा वर्षं लागतील. पिकाच्या अर्पणाच्या रविवारी भोपळ्या-पपईचा लिलाव होतो, त्याचा हिशोब त्याच्याकडे द्या. ताणकाट्याचा हात आहेच.

अशाच घोळातली पत्रं बुलढाण्याहून, चंद्रपूरहूनही येतात, म्हणून एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहिते. काही ठिकाणी थांबूच नये. प्रार्थनेसाठी पैसे मागतात, औषध बंद करा म्हणतात, घरातली गोष्ट विश्वासानं सांगितली तर ती वेदीवरून उपदेशात येते, बायका-मुलींशी वागणं बरं नाही. असं काही असेल तर जेवायला बोलावण्याच्या भानगडीत पडू नका. पहिल्या दिवशी बाहेर पडा, आणि मंडळीच्या वरिष्ठांना लेखी कळवा. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तुमच्याकडे आहे तो एक दमलेला माणूस, एक तल्लख पोरगा, आणि त्या दोघांच्या मध्ये पडलेलं एक वाक्य.

शेवटी तुम्ही ताजा कलम घालून विचारलंय की आता वेचणी जोरात आहे, मजूर रविवारीच मिळतात, तर रविवारी वेचलं तर पाप लागतं का. भक्ती तीनला आहे, दोनला हात धुऊन निघता येतं. आभाळ भरून आलं असेल आणि बोंडं फुटलेली असतील तर भिजू द्या असं मी कोणत्या तोंडानं सांगू? शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी विहिरीत पडलेला बैल तुम्ही लगेच बाहेर काढत नाही का, असं येशूनं विचारलं होतं. फक्त त्या दिवसाची मजुरी सोमवारवर ढकलू नका. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, असं बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. तेव्हा निघण्याआधी वही, ताणकाटा आणि सुटे पैसे मुलाकडे देऊन ठेवा.